पॉलिमर सोलर सेलचे इलेक्ट्रोड : झिंक ऑक्साइड आणि मॉलिब्डेनम ऑक्साइडचे पातळ थर नीट कसे बसवावेत

ज्या सेलचा फिल फॅक्टर (सेलचे व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातला प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) ०.४० च्या वर सरकत नाही, त्याचे पॉलिमर बदलण्याआधी इलेक्ट्रोड तपासा. प्रकाश शोषणारा थर कितीही चांगला असला, तरी त्यात सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या धन जागा) आपापल्या बाजूने बाहेर पडले नाहीत तर सगळे मुसळ केरात. ही वाट मोकळी करण्याचे काम दोन ऑक्साइड थर करतात. एक ३० ते ४० नॅनोमीटरचा, दुसरा जेमतेम १०. बहुतेक चुका या थरांच्या जाडीत होत नाहीत, त्यांच्या पृष्ठभागावर होतात. जाडी मोजता येते म्हणून सगळे जाडीच्या मागे लागतात. पृष्ठभागाची अवस्था मात्र सेल मोजल्यावरच कळते.

पुढची सगळी कृती एका ठरावीक सेलसाठी आहे. खालून वर क्रम असा: काच, आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर), झिंक ऑक्साइड, पी३एचटी-पीसीबीएम मिश्रण (प्रकाश शोषणारे पॉलिमर आणि इलेक्ट्रॉन घेणारे फुलरीन), मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड, चांदी. याला उलटी रचना म्हणतात, कारण यात इलेक्ट्रॉन आयटीओकडे जातात आणि होल वरच्या धातूकडे. हे मिश्रण आता जुने झाले आणि त्याची कार्यक्षमता साडेतीन टक्क्यांच्या आसपासच थांबते. पण त्याचे आकडे सगळ्या जगाला पाठ आहेत, ते हवेत बऱ्यापैकी टिकते आणि ग्लोव्ह बॉक्स (हवाबंद पेटी) नसलेल्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतही जमते. इलेक्ट्रोडवर हात बसवायला याहून चांगले मिश्रण नाही. महागडे पॉलिमर त्यानंतर.

ऑक्साइड कशासाठी

जुन्या सरळ रचनेत आयटीओवर पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचा थर आणि वर कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियम असे. कॅल्शियमचे वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन पृष्ठभागातून बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) २.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करायला उत्तमच, पण हवेतली ओल आणि ऑक्सिजन त्याला काही मिनिटांत खाऊन टाकतात. पेडॉट-पीएसएस पाण्यात विरघळलेले आणि आम्लधर्मी, पीएच १ ते २. ते आयटीओ कुरतडते, इंडियम वरच्या थरात शिरते आणि थर स्वतः ओल शोषून घेतो. २००६ मध्ये या दोन्ही अडचणींवर जवळजवळ एकाच वेळी उत्तरे आली. पेडॉटच्या जागी व्हॅनेडियम आणि मॉलिब्डेनमचे ऑक्साइड वापरून पाहिले गेले. आयटीओवर टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड टाकून सेलच उलटा करण्याची पद्धतही त्याच वर्षी पुढे आली.

आता पातळ्या पाहू. आकडा जितका मोठा, तितकी पातळी खोल. आयटीओचे वर्क फंक्शन सुमारे ४.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, चांदीचे ४.३ ते ४.७. दोन्ही इलेक्ट्रोड जवळपास एकाच उंचीवर, म्हणजे सेलला उतारच नाही. थर न टाकता आयटीओ आणि चांदीमध्ये मिश्रण ठेवले तर व्होल्टेज पडते आणि प्रत्येक सेलला वेगळे येते, ते यामुळे. झिंक ऑक्साइडचा कंडक्शन बँड (इलेक्ट्रॉन मोकळे वाहतात ती पातळी) ४.२ ते ४.४ वर आहे आणि पीसीबीएमची रिकामी पातळी ४ च्या आसपास, त्यामुळे इलेक्ट्रॉन सहज उतरतो. व्हॅलन्स बँड (इलेक्ट्रॉनांनी भरलेली पातळी) मात्र ७.६ च्या जवळ असल्याने पी३एचटीच्या ५ वर बसलेल्या होलला तिथे प्रवेश नाही. एकच थर एकाला दार उघडतो आणि दुसऱ्याला बंद करतो.

मॉलिब्डेनम ऑक्साइडचे काम वेगळ्या तऱ्हेने चालते, आणि हे नीट समजले नाही तर पुढची बरीच निरीक्षणे कोड्यात टाकतात. होल त्याच्या व्हॅलन्स बँडमधून वाहत नाहीत. हा ऑक्साइड ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमुळे एन-प्रकारचा (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा) असतो आणि चांगल्या निर्वातात ताजा बसवला तर त्याचे वर्क फंक्शन ६.९ पर्यंत खोल जाते. पॉलिमरच्या भरलेल्या पातळीतला इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या खोल कंडक्शन बँडमध्ये पडतो आणि चांदीतून आलेला इलेक्ट्रॉन होलला तिथे भेटतो. म्हणून थर थोडा ऑक्सिजन-कमी असलेलाच बरा. शंभर टक्के ऑक्सिडाइझ झालेला, पांढराशुभ्र ऑक्साइड हे आपले ध्येय नाही. हवा लागली की वर्क फंक्शन साडेपाचाच्या आसपास येते. पी३एचटीसाठी तेही पुरते, खोल पातळीच्या पॉलिमरला पुरेलच असे नाही.

आयटीओ

आयटीओचा थर असलेली, चौरसाला १५ ओहम विरोधाची काच घ्या. साबणाचे द्रावण, डीआयनाइझ्ड पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल अशा क्रमाने प्रत्येकी १० ते १५ मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा. साबणानंतर पाणी तीनदा बदला, कारण साबणाचा अंश राहिला तर पुढचा थर ठिपक्याठिपक्यांनी फाटतो. नायट्रोजनने वाळवा आणि १५ ते २० मिनिटे यूव्ही-ओझोनमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पाण्याचा थेंब काचेवर सपाट पसरायला हवा. गोल राहिला तर पुन्हा धुवा. ओझोननंतर अर्ध्या तासात द्रावण टाका.

ऑक्साइडला दोष देण्याआधी एक हिशेब करून ठेवा. आयटीओची पट्टी २ मिलिमीटर रुंद असेल आणि प्रवाहाला तिच्यावरून १० मिलिमीटर जावे लागत असेल, तर ते पाच चौरस झाले, म्हणजे ७५ ओहम. सेलचे क्षेत्रफळ ०.१ चौरस सेंटिमीटर धरले तर हा विरोध ७.५ ओहम-चौरस सेंटिमीटर इतका होतो. १ मिलिअँपिअरला ७५ मिलिव्होल्ट इथेच गेले. संपर्काच्या पॅडपासून सेलच्या कडेपर्यंत सिल्व्हर पेंट लावला की यातला बराच भाग परत मिळतो, आणि याला दोन मिनिटे लागतात.

झिंक ऑक्साइडचे द्रावण

झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट १ ग्रॅम, २-मिथॉक्सिइथेनॉल १० मिलिलिटर, इथेनॉलअमीन ०.२८ ग्रॅम. इथेनॉलअमीनची घनता जवळपास १ असल्याने पिपेटने २७५ मायक्रोलिटर घेतले तरी चालते. झिंक आणि अमीनचे मोल सारखे येतात, द्रावण सुमारे ०.४५ मोलर होते. आधी झिंक अ‍ॅसिटेट आणि द्रावक एकत्र करा, दुधाळ दिसेल. ढवळत असताना अमीन थेंबाथेंबाने सोडा, मिश्रण निवळू लागते. बाटली घट्ट बंद करून ६० अंशांवर दोन तास आणि मग खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळा. सकाळी द्रावण पाण्यासारखे नितळ हवे. ढगाळ असेल तर बहुधा अमीन कमी पडले किंवा झिंक अ‍ॅसिटेट जुने आहे. ०.४५ मायक्रोमीटरच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळून घ्या. गाळलेले द्रावण काही आठवडे चालते, पण तळाला कण दिसले की पुन्हा गाळत बसू नका, नवे करा.

२-मिथॉक्सिइथेनॉल प्रजननसंस्थेला घातक आहे आणि त्वचेतून शिरते. फ्युम हूडच्या बाहेर त्याची बाटली उघडू नये, हातमोजे ओले झाले की लगेच बदलावेत. गरोदर विद्यार्थिनीने किंवा सहकाऱ्याने हे काम करू नये. प्रयोगशाळेत हे मोकळेपणाने सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे.

थर टाकताना काच पूर्ण झाकेल इतके द्रावण घ्या आणि स्पिन कोटरवर (काच वेगाने फिरवून द्रावण पसरवणारे यंत्र) ४००० आरपीएमवर ३० ते ४० सेकंद फिरवा. भाजल्यानंतर ३० ते ४० नॅनोमीटर जाडी येते. पातळ हवा असेल तर वेग वाढवण्यापेक्षा द्रावण त्याच द्रावकाने अर्ध्यावर आणा. वेगाने जाडी फारशी बदलत नाही, आणि फार वेगात कडेला रेषा उमटतात.

फिरवून झाल्यावर, भाजण्याआधी, संपर्काच्या पॅडवरचा ओला थर मिथॉक्सिइथेनॉलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. हे विसरले तर झिंक ऑक्साइड पॅडवर पक्के बसते आणि मापन करताना पिनखाली अडथळा राहतो. विसरलाच असाल तर सौम्य अ‍ॅसिटिक आम्लाने तेवढाच भाग पुसता येतो, पण आम्लाचा ओघळ सेलच्या भागाकडे गेला तर ती काच फुकट गेली. साध्या काचेच्या एका तुकड्यावर हाच थर टाका आणि त्याच्या मधोमध एक पट्टा पुसून ठेवा. भाजल्यावर त्या पायरीवर प्रोफाइलोमीटर (पायरीची उंची मोजणारे यंत्र) चालवून जाडी मोजा. भाजलेल्या थरावर ओरखडा काढून पायरी करण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी खात्रीची.

आता भाजणे. २०० अंश, १ तास, हवेत. हवेत हा शब्द महत्त्वाचा आहे. अ‍ॅसिटेटचे ऑक्साइड व्हायला हवेतली थोडी ओल लागते, त्यामुळे कोरड्या नायट्रोजनमध्ये भाजलेला थर अर्धवट राहतो. उलट ओल फार झाली तर थर फिरवतानाच धुरकट होतो. ३० ते ५० टक्के आर्द्रता सोयीची. मुंबई, कोकण, गोव्यात जुलैमध्ये आर्द्रता ८५-९०च्या घरात असते. तेव्हा खोलीतला एसी आणि डिह्युमिडिफायर दोन तास आधी चालू करा, स्पिन कोटरजवळ आर्द्रतामापक ठेवा आणि त्या दिवसाचा आकडा वहीत लिहा. उन्हाळ्यात चाललेली कृती पावसाळ्यात बिघडली की सहसा रसायनांवर खापर फुटते, आणि वहीत आर्द्रता लिहिलेली नसल्याने खरे कारण कधी सापडत नाही.

हॉटप्लेटचा आकडा आणि काचेच्या वरच्या बाजूचे तापमान यात १५-२० अंशांचा फरक सहज असतो. पातळ थर्मोकपल काचेवर चिकटवून एकदा पडताळा आणि तोच फरक कायम धरून चाला. काच गरम प्लेटवर थेट ठेवली तर थर सपाट होतो. थंड प्लेटवर ठेवून सावकाश तापवली तर सुरकुत्या पडून लाटांसारखा होतो. काही कामांत या लाटा मुद्दाम करतात, पण सुरुवातीला सपाटच बरा. पीईटीसारख्या प्लास्टिकवर काम असेल तर १३० अंशांपर्यंतच जा आणि कार्यक्षमतेत थोडी घट धरून चाला.

भाजून झालेल्या झिंक ऑक्साइडवर पुन्हा यूव्ही-ओझोन देऊ नका. स्वच्छतेच्या सवयीने हे हमखास केले जाते. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे रेणू बसतात, प्रत्येक जण एक इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो आणि पृष्ठभागाशी अडसर तयार होतो. काच कोमट असतानाच झाकून ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवसावर गेलीच तर वापरण्याआधी १५० अंशांवर १० मिनिटे तापवा.

मिश्रणाचा थर

पी३एचटी आणि पीसीबीएम प्रत्येकी २० मिलिग्रॅम, ऑर्थो-डायक्लोरोबेंझिन १ मिलिलिटर. ६० अंशांवर अंधारात रात्रभर ढवळा, ७०० ते ८०० आरपीएमवर फिरवा आणि थर ओलसर असतानाच काच झाकणाच्या पेट्री डिशमध्ये सरकवून २० मिनिटे सावकाश वाळू द्या. तांबूस-नारिंगी रंग जांभळट होत जातो, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या रांगेत बसल्या. मग ११० ते १४० अंशांवर १० मिनिटे. जाडी २०० नॅनोमीटरच्या आसपास येते.

हे तापवणे मॉलिब्डेनम ऑक्साइड टाकण्याआधीच उरकायचे. सरळ रचनेत अ‍ॅल्युमिनियम टाकल्यावर सेल तापवण्याची सवय असते, ती इथे चालत नाही. मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि चांदी वर असताना शंभराच्या वर तापवले की चांदी आणि ऑक्साइड दोन्ही खालच्या थरात शिरू लागतात आणि व्होल्टेज, फिल फॅक्टर एकदम घसरतात.

मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि चांदी

हे दोन्ही थर निर्वात चेंबरमध्ये पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवून करायचे. मॉलिब्डेनम ऑक्साइडची पावडर ९९.९ टक्क्यांहून शुद्ध, फिकट पांढरी-पिवळसर. निळसर-करडी दिसली तर ती आधीच ऑक्सिजन गमावून बसली आहे. टँटलमची झाकण असलेली बोट (पावडर ठेवून तापवायची पसरट वाटी) किंवा अ‍ॅल्युमिना क्रुसिबल वापरा. हा पदार्थ वितळण्याआधीच वाफ होतो आणि उघड्या बोटीत अक्षरशः उड्या मारतो. उडालेले कण काचेवर बसले की तिथे शॉर्ट ठरलेला. पावडर गोळी करून दाबून घेतली तर उडण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

किती पावडर लागेल? बोटीपासून काचेचे अंतर २५ सेंटिमीटर, घनता ४.६९ आणि जाडी १० नॅनोमीटर धरली, तर पाय (π) गुणिले घनता गुणिले जाडी गुणिले अंतराचा वर्ग असा ढोबळ हिशेब सुमारे ९ मिलिग्रॅम येतो. शटर बंद असताना जाणारी वाफ आणि उडणारे कण धरून ४० ते ५० मिलिग्रॅम घाला. याच हिशेबाने १०० नॅनोमीटर चांदीला ०.२ ग्रॅम लागते, ०.४ घाला. बोट कोरडी पडून थर अर्ध्यावर थांबण्याची नामुष्की यामुळे टळते.

दाब २ गुणिले दहाचा उणे सहावा घात मिलिबारच्या खाली गेल्यावरच तापवायला लागा. करंट हळूहळू वाढवा, शटर बंद ठेवा. पावडरीतली ओल सुटताना दाब वर चढेल, तो पुन्हा खाली येईपर्यंत थांबा. ही पाच-दहा मिनिटे वाचवू नयेत. मग शटर उघडून सेकंदाला ०.२ ते ०.३ अँगस्ट्रॉमने १० नॅनोमीटर बसवा. साडेपाच ते साडेआठ मिनिटे लागतात. ५ नॅनोमीटरच्या खाली थर बेटाबेटांनी बसतो आणि चांदी मधूनच पॉलिमरला भिडते. २० च्या वर विरोध वाढतो. ८ ते १२ मध्ये कुठेही राहिलात तर फरक शोधूनही सापडत नाही, म्हणून ९ की ११ यावर आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

जाडी दाखवणारा क्वार्ट्झ क्रिस्टल काचेच्या जागी नसतो, त्यामुळे त्याचा आकडा थेट खरा नसतो. एकदा क्रिस्टलवर ६० नॅनोमीटर दिसेपर्यंत साध्या काचेवर थर टाका, प्रोफाइलोमीटरने खरी जाडी मोजा आणि जुना टूलिंग फॅक्टर (क्रिस्टलचा आकडा काचेवरच्या जाडीत बदलणारा गुणक) खऱ्या-दिसलेल्याच्या गुणोत्तराने गुणा. ऑक्साइडसाठी वेगळा, चांदीसाठी वेगळा, कारण दोन्ही बोटींच्या जागा वेगळ्या असतात.

ऑक्साइडनंतर चेंबर उघडू नका. मास्क बदलायचा असेल तर आतूनच बदलता येईल अशी सोय करा, आणि ती नसेल तर दोन्ही थर एकाच मास्कमधून टाका. चांदीचे पहिले ५ नॅनोमीटर सेकंदाला ०.२ अँगस्ट्रॉमने, मग १ ते २ अँगस्ट्रॉमने १०० पर्यंत. सुरुवातीलाच जोर लावला तर तापलेले अणू पातळ ऑक्साइडमधून खाली घुसतात. शेवटी २० मिनिटे थंड होऊ देऊन मगच हवा सोडा.

अनेक महाविद्यालयांत अजून डिफ्यूजन पंपाची कोटिंग युनिट आहेत. त्यांत तेलाची वाफ उलटी येऊन काचेवर बसते आणि ऑक्साइड-पॉलिमर जोडावर एक अदृश्य थर तयार होतो. द्रवरूप नायट्रोजनचा ट्रॅप भरलेला ठेवा. मध्येच वीज गेली तर हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्ह सर्वांत आधी बंद करा, आणि त्या खेपेचे सेल निष्कर्षांत धरू नका.

करंट-व्होल्टेज वक्र काय सांगतो

मापन १०० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर, एएम १.५ जी (प्रमाणित सूर्यप्रकाशासारख्या) प्रकाशात करा. दिवा केजी५ फिल्टर लावलेल्या सिलिकॉन संदर्भ सेलने जुळवा आणि सेलवर ठाऊक क्षेत्रफळाचा छिद्र असलेला मास्क ठेवा. मास्क नसला तर कडेच्या प्रकाशाने करंट फुगतो आणि खोटा आनंद होतो. नीट झालेल्या सेलकडून ९ ते १० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, ०.५६ ते ०.६० व्होल्ट आणि ०.६० ते ०.६५ फिल फॅक्टर मिळायला हवा.

वक्र ओपन सर्किट व्होल्टेजजवळ (करंट शून्य होतो तिथे) इंग्रजी एस अक्षरासारखा वळला असेल तर कुठल्यातरी संपर्काशी अडसर आहे. कोणत्या, ते शोधायला सेल दिव्याखाली तसाच ठेवून दर मिनिटाला वक्र काढा. पाच-दहा मिनिटांत वळण सरळ झाले तर दोष झिंक ऑक्साइडचा. अतिनील किरणांनी त्यावर बसलेला ऑक्सिजन सुटला आणि अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे झाले. खात्रीसाठी ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावून नवा सेल मोजा, वळण जसेच्या तसे राहील. असा सेल रात्रभर अंधारात हवेत ठेवला की वळण परत येते. उपाय दोन. एक म्हणजे भाजणे पूर्ण करणे आणि ओझोन टाळणे. दुसरा, झिंक ऑक्साइडवर पीईआयई या अमीनयुक्त पॉलिमरचा अगदी पातळ थर: मिथॉक्सिइथेनॉलमध्ये वजनाने ०.१ ते ०.२ टक्के, ५००० आरपीएम, १०० अंशांवर १० मिनिटे. याने वर्क फंक्शन आणखी खाली येते आणि प्रकाशात भिजवण्याची गरज उरत नाही. पीईआयई स्वतः विद्युतरोधक आहे, म्हणून ०.४ टक्क्यांच्या वर जाऊ नका, नाहीतर एक वळण घालवायला गेलो आणि दुसरे ओढवून घेतले असे होईल.

प्रकाशात ठेवूनही वळण हलले नाही तर वरच्या बाजूकडे पाहा. मॉलिब्डेनम ऑक्साइड फार पातळ, तेलाने किंवा हवेने दूषित, किंवा पॉलिमरच्या पृष्ठभागावर पीसीबीएम जास्त आलेले, यांपैकी काहीतरी असते.

वक्र वळलेला नाही, पण ओपन सर्किट व्होल्टेजजवळ आडवा पडला आहे, तर तो मालिकेतला विरोध. १० ओहम-चौरस सेंटिमीटर विरोध १० मिलिअँपिअरला ०.१ व्होल्ट खातो, आणि एकूण व्होल्टेज ०.५८ असताना ही चैन परवडत नाही. आधी आयटीओचा हिशेब, मग पॅडवर राहिलेले झिंक ऑक्साइड, मग चांदीची जाडी, आणि सर्वांत शेवटी ऑक्साइडची जाडी, या क्रमाने तपासा. वक्र शून्य व्होल्टपाशीच उतरता असेल तर शॉर्टच्या वाटा आहेत. अंधारातला वक्र काढून उणे १ व्होल्टला किती करंट गळतो ते पाहा. आयटीओची नक्षी कापलेली तीक्ष्ण कड, न गाळलेल्या द्रावणातला कण, बोटीतून उडालेली पावडर ही नेहमीची कारणे. एकाच काचेवरच्या सहा सेलपैकी दोन गळके आणि चार चांगले असतील तर धूळ. सहाही सारखेच गळत असतील तर थराची कृतीच चुकली.

प्रत्येक खेपेत निदान दोन काचा नियंत्रण म्हणून ठेवा: एक झिंक ऑक्साइडशिवाय, एक मॉलिब्डेनम ऑक्साइडशिवाय. या दोन काचा नसतील तर कुठला थर सुधारला हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही.

पॉलिमर बदलल्यावर

फुलरीन सोडून वाय६सारख्या नव्या स्वीकारकांकडे (इलेक्ट्रॉन घेणाऱ्या रेणूंकडे) वळलात की याच थरांचे हिशेब बदलतात. झिंक ऑक्साइड अतिनील प्रकाशात रासायनिक क्रिया घडवते आणि या रेणूंमधले दुहेरी बंध तोडते. सेल पहिल्या दिवशी उत्तम चालतो आणि प्रकाशात काही तासांत उतरणीला लागतो. पीईआयईतले अमीनही याच बंधांवर हल्ला करते, त्यामुळे वर सांगितलेला उपाय इथे अपाय ठरतो. अशा वेळी टिन ऑक्साइड घ्या. पाण्यातले १५ टक्क्यांचे कोलॉइड पाण्यानेच २.५ ते ३ टक्क्यांवर आणा, ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा, ताज्या ओझोन दिलेल्या आयटीओवर ३००० ते ४००० आरपीएमने फिरवा आणि हवेत १५० अंशांवर ३० मिनिटे भाजा. हे पाण्यातले द्रावण असल्याने ओझोनला उशीर झाला तर थर कडेकडेने आकसतो.

झिंक ऑक्साइडच वापरायचे असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूला ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारी फिल्म लावा. करंट थोडा कमी होतो, सेल मात्र बराच जास्त टिकतो. आणि सेल हवाबंद करताना उष्णतेने घट्ट होणारे इपॉक्सी टाळा. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारे वापरा आणि घट्ट करताना सेलचा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका.